‘माहेरची साडी’ आणि ‘उंबरठा’

१९९१च्या ‘माहेरची साडी’तली लक्ष्मी सासरचा छळ मुकाट सोसते, आणि ते सोसणं हाच तिचा मोठेपणा ठरतो. प्रेक्षक ढसाढसा रडले. ते रडणं खरंच होतं. पण छळणारीही बाईच, सासू! सून गरीब, सासू कजाग हा साचा पुढे मालिकांनी वर्षानुवर्षं वापरला. घरातल्या पुरुषांना जाब विचारायचा राहूनच गेला.

जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’त (१९८२) स्मिता पाटीलची सुलभा लहान मुलीला घरी ठेवून महिलाश्रमात नोकरीला जाते. परतते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. सुलभा घर सोडते. तिला ना देवी केलंय, ना खलनायिका. मुलींइतकाच मुलग्यांनाही मी हाच सिनेमा आधी दाखवेन.