गंगापूर रोडवरील बालरोग चिकित्सालय: घाई न करणारी तपासणी

मुलीचे सततचे पाय दुखणे, शाळेतून येताच दप्तर दारात टाकून आडवे होणे आणि वर्षभर जेमतेम हललेले वजन या तक्रारी घेऊन आम्ही येथे गेलो. ‘वाढीचे वय आहे, टॉनिक द्या’ हे इतरत्र ऐकून कान किटले होते. येथील डॉक्टरांनी मात्र शाळेच्या आरोग्य तपासणीतील जुन्या नोंदी मागवल्या, वजन व उंची वाढीच्या तक्त्यावर मांडली आणि रेषा नेमकी कोठून खाली झुकते ते पेनाने दाखवले. वाढीच्या वयातील दुखणे सहसा दोन्ही पायांत, संध्याकाळी वा रात्री होते आणि सकाळपर्यंत थांबते; मात्र सांध्याला सूज, सकाळचा ताठरपणा, लंगडणे, ताप किंवा घटते वजन असल्यास तपास करावाच लागतो, हे त्यांनी शांतपणे समजावले.

हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी चाचणी), ड जीवनसत्त्व, थायरॉईड यांबरोबर त्यांनी सीलिॲक आजाराचीही (गहू वगैरेंतील ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा करणारा आजार) रक्तचाचणी लिहून दिली. त्या चाचणीआधी गहू बंद केल्यास अहवाल फसवा येऊ शकतो, ही सूचना गव्हाऐवजी नाचणी देण्याच्या आजीबाईंच्या मोहिमेला वेळीच लगाम घालणारी ठरली. लोह आणि ड जीवनसत्त्व कमी निघाले. वजनाचे कारण तेवढेच, असे न म्हणता डॉक्टरांनी पुन्हा बोलावले आहे.

अपॉइंटमेंट घेऊनही ताटकळावे लागते, हा दोष मोठाच. संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही. शक्यतो सकाळची वेळ घ्यावी.