दूध बिलाच्या ॲपमध्ये क्वार्ट्झ (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी जावा लायब्ररी) लावून आठ महिने झाले, वापरानंतरचा अनुभव

आमचं सॉफ्टवेअर गावोगावच्या दूध संस्थांसाठी आहे, स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कवर. उत्पादकांचं बिल दर दहा दिवसांनी निघतं, म्हणजे १, ११ आणि २१ तारखेला पहाटे २ वाजता हिशोब लागला पाहिजे आणि उजाडल्यावर मेसेज गेला पाहिजे. आधी स्प्रिंगचंच शेड्यूल्ड ॲनोटेशन (कोडमध्येच कामाची वेळ लिहायची खूण) होतं, एक सर्व्हर होता तोवर काही त्रास नाही. लोड वाढला म्हणून दुसरा सर्व्हर जोडला आणि पुढच्याच बिलाला सगळ्यांना मेसेज दोनदा, कारण ते ॲनोटेशन प्रत्येक सर्व्हरवर आपापलं चालतं. सकाळी एका संस्थेच्या सचिवांचा फोन, "साहेब, माणसं दारात उभी आहेत, बिल दोनदा जमा होणार का विचारतायत." त्याच दिवशी क्वार्ट्झ घ्यायचं ठरलं.

बसवायला सोपं आहे. स्टार्टर (स्प्रिंगची तयार जोडणी) टाकायचा, जॉब स्टोअर जेडीबीसी करायचा म्हणजे नोंदी डेटाबेसमध्ये जातात, क्लस्टरिंग (सर्व्हरनी गट म्हणून काम करणं) चालू आणि इन्स्टन्स आयडी, म्हणजे प्रत्येक सर्व्हरची ओळख, ऑटो. जॉब (करायचं काम) आणि ट्रिगर (ते कधी चालवायचं) डेटाबेसमध्ये राहतात, जो सर्व्हर आधी लॉक घेईल तोच चालवतो. मुद्दाम एक सर्व्हर बंद करून बघितला, दुसऱ्याने काम उचललं. फक्त दोन्हीकडची घड्याळं जुळलेली पाहिजेत, एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सेवा) लावाच.

पहिला दणका टाइमझोनचा. सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे), त्यामुळे २ चा जॉब आपल्याकडे सकाळी ७:३० ला सुटला, म्हणजे ऐन संकलनाच्या वेळी, काट्यावर रांग लागलेली आणि स्क्रीन अडकलेली. ट्रिगरलाच आशिया-कोलकाता झोन दिला, मग सुटलो.

दुसरा जास्त जिव्हारी लागला. इनिशियलाइझ स्कीमा, म्हणजे ॲप सुरू होताना क्वार्ट्झची टेबलं बनवायची सेटिंग, 'ऑलवेज' वर राहून गेलं होतं. क्वार्ट्झच्या तयार स्क्रिप्ट आधी जुनी टेबलं ड्रॉप करतात, म्हणजे पुसून टाकतात, त्यामुळे रिस्टार्ट झाला की संस्थांनी स्क्रीनवरून लावलेल्या मेसेजच्या वेळा सगळ्या साफ. कोडमधले ट्रिगर परत नोंदले जातात म्हणून दोन दिवस कोणाच्या लक्षातही आलं नाही. आता 'नेव्हर' ठेवलंय आणि टेबलं मायग्रेशनमधूनच (डेटाबेस बदलाच्या, एकदाच चालणाऱ्या स्क्रिप्टमधून) बनवतो.

मिसफायर, म्हणजे ट्रिगरची वेळ हुकणं, नीट समजून घ्या, हे कळकळीने सांगतो. सर्व्हर २ वाजता बंद असला आणि १० ला उठला तर क्रॉन ट्रिगर (तारीख-वेळेच्या वेळापत्रकावर चालणारा) डिफॉल्टने लगेच एकदा चालतो. बिलासाठी हे उत्तम, उशिरा का होईना हिशोब होतो. पण पहाटेच्या संकलनाची आठवण करून देणारा मेसेज दुपारी गेला तर काय उपयोग, म्हणून त्याला 'डू नथिंग' (हुकलं तर सोडून दे) दिलंय. प्रत्येक जॉबचा असा वेगळा विचार करावाच लागतो.

आणि क्लस्टर आहे म्हणजे काम एकदाच होणार असं धरून चालू नका. जॉबला रिकव्हरी लावलेली असेल आणि तो चालू असताना सर्व्हर मेला किंवा डेटाबेसपासून तुटला तर जॉब पहिल्यापासून सुरू होतो, आमचं एकदा साधारण निम्म्या उत्पादकांची बिलं झाल्यावर कनेक्शन तुटलं होतं. उत्पादक आणि कालावधी मिळून युनिक की (त्या जोडीचं बिल एकदाच नोंदता येतं) आधीच होती म्हणून वाचलो, झालेली बिलं ओलांडून तो पुढे गेला.

जॉब डेटा मॅपमध्ये (जॉबसोबत साठवलेल्या माहितीत) अख्खं ऑब्जेक्ट कोंबू नका, आयडी पुरतो, नाहीतर क्लास बदलला की जुना डेटा वाचता येत नाही. तसंच जॉबच्या क्लासचं पॅकेज बदललं की डेटाबेसमध्ये जुनंच नाव राहतं आणि ट्रिगर एरर स्टेटला जाऊन गप्प बसतो. गप्प बसतो हेच वाईट, कारण क्वार्ट्झला स्वतःचा डॅशबोर्ड नाही. शेवटी ट्रिगर टेबल वाचणारी छोटी स्क्रीन आम्हीच बनवली, पुढची वेळ मिलिसेकंदात असते ती तारखेत करून दाखवतो, एरर असेल ती ओळ लाल. बिलाच्या दिवशी सकाळी ६ ला मी आधी ती उघडतो, मग चहा.