सोरायसिस: मेथोट्रेक्सेट की सेक्युकिनुमॅब?
मलमांनी भागेना, आता गोळी (मेथोट्रेक्सेट) घेऊ की इंजेक्शन (सेक्युकिनुमॅब), असं सोरायसिस हा त्वचारोग असलेला मावसभाऊ विचारतोय.

आधी आत काय चाललंय ते बघू. आयएल-२३ या दाह वाढवणाऱ्या संदेश-प्रथिनाच्या चिथावणीने काही टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) आयएल-१७ हे तसंच दुसरं प्रथिन सोडत राहतात. मग महिनाभरात बदलणारी कातडी काही दिवसांतच बदलते, म्हणून ते पापुद्रे. मेथोट्रेक्सेट ही गडबड ढोबळमानाने आवरतं. सेक्युकिनुमॅब नेमकं आयएल-१७ए (आयएल-१७ चाच एक प्रकार) पकडतं.

खर्चात तुलनाच नाही. गोळ्या स्वस्त, इंजेक्शनं हजारोंत. परिणाम उलटा: ७५ टक्के सुधारणा गोळीने १६ आठवड्यांत १० पैकी साधारण ४ जणांना, इंजेक्शनने १२ आठवड्यांत जवळपास ८ जणांना.

कटकट दोन्हीकडे. गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं, म्हणून वार ठरवून पाकिटावरच लिहून ठेवा. शिवाय फॉलिक अ‍ॅसिड, रक्त-यकृताच्या तपासण्या, दारू बंद. इंजेक्शनाआधी टीबीची तपासणी, आपल्याकडे तर हवीच.

यकृत धड असेल, घाई नसेल तर गोळी. लवकरच मूल हवं असेल तर गोळी नकोच. गोळीने भागलं नाही आणि पैशांची सोय असेल तर इंजेक्शन. क्रोन्स (आतड्यांच्या दाहाचा आजार) असलेल्यांनी मात्र सेक्युकिनुमॅब टाळावं, दुसरं बायोलॉजिक (असंच नेमकं लक्ष्य पकडणारं औषध) डॉक्टरांना विचारावं.