रात्री पोरांना बंदी की नुसती गस्त?

आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या कट्ट्यावर निम्मे म्हणतात, अठराच्या आतल्या पोरांना रात्री दहानंतर बंदी घाला. बाकीचे म्हणतात, गस्त वाढवा. बंदी ऐकायला सोपी. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १६३ खालचा पोलिसांचा आदेश दोन महिनेच चालतो, आणि पोराला लॉकअपमध्ये टाकता येत नाही. शिवाय अभ्यासिकेतून सॅक पाठीला लावून सायकलवर परतणारी मुलगी आणि कॉलेज रोडवर बुलेटचे फटाके फोडणारा, दोघं एकाच जाळ्यात! नवरात्रात कालिकेच्या यात्रेचं काय करणार, देव जाणे.

गस्तीला माणसं लागतात, कबूल. तरी मला तीच बरी वाटते. गंगापूर रोडला नाकाबंदी लावा, पोराच्या हातातली चावी काढून घ्या, बापाला बोलवा. २०१९ पासून अल्पवयीनाच्या हाती गाडी दिली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे.