जेफरसन की चेस: कोणाची पहिली चार वर्षं आधी पाहावीत?

एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, नव्याने पाहू लागलेल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. वाइड रिसीव्हर, म्हणजे पुढे धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, नेमकं करतो काय हे कळायचं, तर कोणाचे जुने सामने काढून बसावं? माझ्याकडे उत्तरादाखल दोनच नावं आहेत. मिनेसोटा वायकिंग्जचा जस्टिन जेफरसन आणि सिनसिनाटी बेंगल्सचा जमार चेस. दोघंही लुइझियानाचे. २०१९ साली लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा, म्हणजे एलएसयूचा संघ पंधराच्या पंधरा सामने जिंकला, त्या संघात दोघंही होते आणि दोघांना चेंडू फेकणारा क्वार्टरबॅकही एकच, जो बरो. पुढे एनएफएलमधल्या पहिल्या चार हंगामांत जेफरसनने ३९२ झेल घेतले, चेसने ३९५. मोजमाप इतकं सारखं आहे, पण सामने पाहायला बसलात की दोघांचा खेळ मुळातून वेगळा दिसतो.

आधी जेफरसन. त्याच्याबद्दलची शंका अशी होती की एलएसयूत तो शेवटच्या वर्षी बहुतेक वेळ आतल्या बाजूने, म्हणजे स्लॉटमधून खेळला. बाहेरच्या कडेला कॉर्नरबॅकसमोर, म्हणजे त्याला अडवणाऱ्या बचावपटूसमोर, एकटा उभा राहिला तर निभेल का? म्हणून २०२०च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात त्यात, तो बाविसाव्या क्रमांकापर्यंत खाली आला. त्याच्या आधीच्याच क्रमांकावर फिलाडेल्फिया ईगल्सने जेलन रेगर हा दुसरा रिसीव्हर घेतला होता. वायकिंग्जकडे ती बाविसावी जागा आली होती आपला आघाडीचा रिसीव्हर स्टेफॉन डिग्ज बफलोच्या संघाला देऊन, त्यामुळे पोराच्या डोक्यावर ओझं पहिल्या दिवसापासून होतं. त्यात कोविडमुळे त्या वर्षी सरावाचे सामनेच झाले नाहीत. पहिल्या दोन सामन्यांत मिळून पाच झेल, ७० यार्ड (झेल घेऊन संघाला पुढे नेलेलं अंतर यार्डांत मोजतात). तिसऱ्या सामन्यात टेनेसीविरुद्ध त्याला सुरुवातीपासून उतरवलं आणि त्याने १७५ यार्ड काढले. हंगामाअखेर १,४०० यार्ड झाले. पुढच्या वर्षी १,६१६, त्यापुढच्या वर्षी १,८०९. पहिल्या तीन हंगामांत इतके यार्ड त्याच्याआधी कोणीही काढले नव्हते.

हे तो पायांवर करतो. आट्यापाट्या खेळलेल्या माणसाला जेफरसन लगेच कळतो. समोरच्याला हूल द्यायची, त्याचा तोल एका पायावर गेला की दुसऱ्या बाजूने निसटायचं. रिसीव्हरची धावण्याची ठरलेली वाट असते, तिला रूट म्हणतात. जेफरसन ती वाट पळताना खांदे सरळ, वेग तोच ठेवतो, आणि वळायच्या क्षणापर्यंत कॉर्नरबॅकला काही सुगावा लागू देत नाही. चेंडू हातात येण्याच्या आधीच त्याचं निम्मं काम झालेलं असतं. म्हणून पाहताना चेंडूकडे बघू नका, त्याच्या कमरेकडे बघा.

चेसची गोष्ट उलटी सुरू होते. कॉलेजमध्ये जेफरसनपेक्षा मोठं नाव त्याचं होतं: २०१९ मध्ये ८४ झेल, १,७८० यार्ड, २० टचडाउन (म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेणं). मग कोविडच्या वर्षी तो खेळलाच नाही. २०२१ मध्ये बेंगल्सने त्याला पाचव्या क्रमांकावर घेतलं तेव्हा वाद पेटला. गुडघ्याची मोठी दुखापत झालेल्या बरोला वाचवायला पेनेई सूएलसारखा दांडगा टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकचं रक्षण करणारा खेळाडू, हवा, रिसीव्हर कसला घेता, असं कित्येकांचं म्हणणं होतं. ऑगस्टमधल्या सरावाच्या सामन्यात त्याने तीन सोपे झेल सोडले, तेव्हा ती मंडळी आणखीच बोलू लागली. कॉलेजच्या चेंडूवर पांढरे पट्टे असतात, एनएफएलच्या चेंडूवर नसतात, तो येताना नीट दिसत नाही, असं चेस म्हणाला. लोकांना ती सबब वाटली. मला वाटतं तो खरंच बोलत होता. वर्षभर मैदानाबाहेर राहिलेल्याच्या नजरेला नवा चेंडू बसायला वेळ लागणारच.

तो हंगाम त्याने १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउनवर संपवला आणि संघ थेट सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, गेला. जेफरसनचा १,४०० चा आकडा त्याने ओलांडला हे खरं, पण जेफरसनला सोळा सामने मिळाले होते आणि चेसला सतरा. तुलना करताना हे सोडून देऊ नये.

चेसचं बळ चेंडू हातात आल्यानंतर दिसतं. २ जानेवारी २०२२ चा कॅन्सस सिटीविरुद्धचा सामना पाहा: ११ झेल, २६६ यार्ड, तीन टचडाउन. पहिल्या टचडाउनला चेंडू घेतल्यावर तो बचावपटूंच्या मधून असा निघाला की तिथे फट होती हे आपल्याला तो पलीकडे गेल्यावर कळतं.

पण नंतर काय झालं तेही पाहायला हवं. पहिल्या वर्षी त्याच्या प्रत्येक झेलामागे सरासरी १८ यार्ड पडत होते. प्रतिस्पर्ध्यांनी दोन्ही सेफ्टी, म्हणजे लांबचे पास अडवणारे मागचे बचावपटू, मागे खोल उभे करायला सुरुवात केली आणि पुढची दोन वर्षं ही सरासरी बारावर आली. कंबरेच्या हाडाच्या दुखापतीने २०२२ मध्ये चार सामनेही गेले. मग त्याने आखूड पास घ्यायला, आतून खेळायला शिकून २०२४ मध्ये झेल, यार्ड, टचडाउन या तिन्हींत लीगमध्ये पहिला नंबर काढला. जेफरसनची सरासरी मात्र चारही वर्षं चौदा ते सोळाच्या आतच राहिली, अगदी २०२३ मध्ये मांडीच्या मागचा स्नायू दुखावून सात सामने हुकले तेव्हासुद्धा.

चार वर्षांच्या टचडाउनमध्ये चेस खूप पुढे दिसतो, ४६ विरुद्ध ३०. त्यावरून मी निवड करणार नाही. पहिली दोन वर्षं मिनेसोटात गोलरेषेजवळचे पास संघातल्या दुसऱ्या रिसीव्हरकडे, ॲडम थीलनकडे जायचे. २०२० मध्ये एकट्या थीलनचे १४ टचडाउन होते.

तर मी सांगेन, आधी जेफरसन घ्या. त्यातही घरात कोणी फ्लॅग फुटबॉल खेळत असेल तर नक्कीच. अमेरिकेतल्या मराठी घरांमधली मुलं तो खेळतात, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही तो आहे. त्यात अंगाला भिडून पाडणं नसतं, त्यामुळे अंगावर आलेल्याला झटकून निघायचं चेसचं बळ तिथे कामाला येत नाही. जेफरसनचे पाय येतात. नुसता थरार हवा असेल, संध्याकाळ एकच असेल, तर चेसचा तो कॅन्सस सिटीचा सामना लावा.

जेफरसनचा एकच सामना निवडायचा तर १३ नोव्हेंबर २०२२, बफलोच्या मैदानावरचा. शेवटची दोन मिनिटं, संघ चार गुणांनी मागे, शेवटचा चौथा प्रयत्न आणि चेंडू आपल्याकडे राखायला १८ यार्ड काढणं भाग. वायकिंग्जचा तेव्हाचा क्वार्टरबॅक कर्क कझिन्सने चेंडू उंच फेकला. बचावपटूचे दोन्ही हात चेंडूला लागले होते. मागे झुकत उडी मारलेल्या जेफरसनने एका हाताने तो त्याच्या हातातून ओढून घेतला. हा झेल सावकाश गतीत चार-पाच वेळा पाहा, मनगट कुठे वळतं ते दिसेल.

आणि दोघं समोरासमोर हवे असतील तर चेसचा पहिलाच सामना शोधा, १२ सप्टेंबर २०२१, वायकिंग्जविरुद्धच. जेफरसनचे ७१ यार्ड, चेसचे १०१, त्यात मध्यंतराच्या थोडं आधीचा ५० यार्डांचा टचडाउन. जादा वेळेत बेंगल्स २७-२४ ने जिंकले.