जुने अलॉय चांगले, पण त्या चार रिंगा सांभाळा

परवा पंक्चरवाल्याने पुढचं डावं चाक काढलं आणि हबवरची (चाक ज्या गोल भागावर बसतं त्यावरची) प्लास्टिकची रिंग कचरा समजून फेकून दिली. तेव्हापासून ९०च्या पुढे स्टिअरिंग पुन्हा थरथरतंय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

गाडी २०१४ची स्विफ्ट व्हीएक्सआय. दिवाळीत इथे वडोदऱ्यातच जुने-नवे पार्ट विकणाऱ्या एका दुकानातून वापरलेले १५ इंची अलॉय (मिश्रधातूच्या रिम) घेतले. त्यांच्यावरचे टायरही तो देत होता. बाजूला १११७ कोरलेलं, म्हणजे २०१७च्या अकराव्या आठवड्यातला माल. टायर नको म्हटल्यावर भावही उतरला. नवे १८५/६५ आर१५ चढवले. स्विफ्टच्याच वरच्या मॉडेलला, झेडएक्सआयला, हीच साइज येते आणि जुन्या १६५/८० आर१४शी व्यासात जेमतेम २ मिमीचा फरक, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगही तो गळ्यात मारत होता. आमच्या सोसायटीचा स्पीडब्रेकर आठवून मी हात जोडले. धुता येणारा कापडी एअर फिल्टर मात्र नवा घेतला. आवाज वाढला, ताकद काही जाणवली नाही. पुढे.

शहरात गाडी लोण्यासारखी. अमदावाद एक्सप्रेसवेवर ८० ओलांडलं की स्टिअरिंगला हुडहुडी! मला वाटलं, रिम वाकडी गळ्यात मारली. बॅलन्सिंग केलं, पुन्हा केलं, अलाइनमेंट केलं, पैसे गेले. मशीनवर चाक अगदी सरळ फिरायचं. दुकानदाराचं एकच, "चिंता ना करो साहेब, बधुं फिट छे."

फिट होतंच, पीसीडी ४x१०० (चार नट, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर) बरोबर होता. गोम मधल्या भोकात होती. स्विफ्टचा हब ५४.१ मिमीचा आणि या अलॉयचं भोक ७३.१चं, कारण बाहेरचे अलॉय बनवणारे अनेक गाड्यांना चालावं म्हणून भोक मोठंच ठेवतात. मग चाक फक्त नटांच्या भरवशावर मधोमध बसायचं. त्यात पोरं गाडी जॅकवरून उतरवून गनने एक नट पूर्ण आवळतात आणि मग दुसऱ्याकडे वळतात, तिथे चाक केसभर सरकतं. बॅलन्सिंग मशीनवर चाक याच भोकात शंकू घालून बसवतात, म्हणून तिथे दोष दिसतच नाही.

मग हब आणि भोकामधली फट भरणाऱ्या ७३.१ ते ५४.१च्या रिंगा घातल्या. चौघांच्या सेव-उसळीच्या खर्चात ११०लाही स्टिअरिंग गप्प. दुकानदारावरचा राग तिथे निवळला, पण अर्धाच. अलॉय विकताना हे सांगणं त्याचंच काम होतं. अलॉयबद्दल आता तक्रार नाही: हालोल रोडच्या खड्ड्यांतूनही एकही रिम वाकली नाही, आणि नव्याच्या निम्म्याहून कमी पैशांत काम झालं. जुने घ्यायचे तर आतल्या बाजूने बघा. वेल्डिंग केलेलं असेल तर फुकटही नको.

आता एका रिंगेसाठी फोन केला तर दुकानदार म्हणतो, सुटी मिळत नाही, चारचा सेट घ्या, अॅल्युमिनियमचा घ्या. अॅल्युमिनियमची पावसाळ्यात गंजून हबलाच चिकटते, मग चाक काढायला हातोडा. मी प्लास्टिकचाच सेट घेणार. उरलेल्या तीन डिकीत, स्टेपनीखाली, आणि पंक्चरवाल्यासाठी प्रत्येक रिंगेवर मार्करने "फेकवु नहीं".