नवी एक्स३ की जीएलसी? घाट, पाऊस आणि खडीवरची परीक्षा

डिझेलमध्ये ताकदीवरून निवड होत नाही. बीएमडब्ल्यू एक्स३ २०डी आणि मर्सिडीज जीएलसी २२०डी, दोघींची १९७ अश्वशक्ती. टॉर्क अनुक्रमे ४०० आणि ४४० न्यूटन-मीटर, शून्य ते १०० ला कंपन्यांचे आकडे ७.७ आणि ८ सेकंद. पेट्रोलमध्ये मात्र एक्स३ २० पेक्षा जीएलसी ३०० सरळ पुढे आहे : २५८ अश्वशक्ती, ६.२ सेकंद, एक्स३ २० कडे १९० आणि ७.८. पेट्रोल आणि पीकअप दोन्ही हवं असेल तर या दोघींत चाकणच्या कारखान्यात जोडली जाणारी जीएलसीच घ्या.

खरा फरक चार चाकांच्या यंत्रणेत आहे. एक्सड्राइव्हमध्ये, म्हणजे बीएमडब्ल्यूच्या यंत्रणेत, मागची चाकं मुख्य. पुढच्यांना किती ताकद द्यायची ते ट्रान्सफर केसमधला (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीतला) इलेक्ट्रॉनिक क्लच ठरवतो. त्यामुळे वळणातून बाहेर पडताना एक्सलरेटर दिला की एक्स३ मागून ढकलल्यासारखी वळते. ताम्हिणीसारख्या घाटात चालवणाऱ्याला हे आवडेल. मर्सिडीजच्या ४मॅटिक यंत्रणेची चाल जास्त शांत, मागे बसणाऱ्यांना सोयीची.

टेस्ट ड्राइव्हला नुसता हायवे मारू नका. डावी चाकं ओल्या खडीवर आणि उजवी डांबरावर येतील असा चढ शोधा. गाडी पूर्ण थांबवा, एक्सलरेटर हलका आणि एकसारखा दाबून निघा. कोणतं चाक किती वेळ नुसतं फिरतं, ते बाहेर उभ्या माणसाला बघायला सांगा. फिरणाऱ्या चाकाला यंत्रणा ब्रेक लावते आणि ताकद दुसऱ्या बाजूच्या चाकाला जाते. चाक फिरताच पाय काढला तर हे काम अर्धवट राहतं. बहुतेक जण इथेच चुकतात आणि दोष गाडीला देतात. चिखलात उलटा त्रास होतो : ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक घसरू न देणारी यंत्रणा, इंजिनच आवळतं. तेव्हा जीएलसीत ऑफरोड मोड लावा, एक्स३मध्ये ट्रॅक्शन कंट्रोल शिथिल करा. फार वेळ रेटलं तर ब्रेक तापतात आणि मदत थांबते. लो-रेंज गिअर (सावकाश पण जास्त जोराने ओढणारा वेगळा गिअर) दोघींतही नाही, म्हणून खोल चिखलात उतरूच नका.

डेमो किंवा जुनी गाडी असेल तर स्टीअरिंग पूर्ण वळवून अगदी सावकाश दोन्ही बाजूंना दोन-दोन गोल फेऱ्या मारा. चालताना गचके बसले तर आधी चारही टायर तपासा. एक टायर नवा, तीन झिजलेले असतील तर चाकांचा घेर वेगळा पडतो. एक्स३मध्ये मग तो क्लच सतत घसरतो आणि तापतो. ट्रान्सफर केसचं तेल कधी बदललं तेही विचारा.

उतारावर ओल्या रस्त्यात चार चाकांची ताकद ब्रेकला काडीची मदत करत नाही. तिथे टायरच वाचवतात, म्हणून रुंदी आणि नक्षी नीट बघा. डिकी उघडून स्टेपनी आहे का, ती पूर्ण आकाराची आहे की बारीक, हे बुकिंगच्या आधी पाहा. बारीक असेल तर तिच्यावर लिहिलेल्या वेगाच्या मर्यादेतच पंक्चरवाल्यापर्यंत जा.